लिनक्स कर्नलचा सोर्स कोड गिटने उतरवून घेणे आणि अद्ययावत ठेवणे

कर्नलचा, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, सोर्स कोड प्रत्येक आवृत्तीसाठी नव्याने डाउनलोड करण्यापेक्षा गिट या, कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाने त्याची प्रत एकदाच घेऊन ठेवणे सोयीचे असते, कारण पुढच्या वेळी फक्त नवे बदलच खाली येतात. डेबियन किंवा उबुंटूवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल गिट’ एवढे केले की गिट बसते. (कमांड येथे देवनागरीत दिल्या असल्या, तरी टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप कराव्यात.)

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची मुख्य रेपॉझिटरी (कोड आणि त्यातील बदलांच्या इतिहासाचा साठा) गिट डॉट कर्नल डॉट ऑर्ग येथे आहे. तिचा पत्ता ‘गिट क्लोन’ या कमांडपुढे दिला, की एप्रिल २००५ पासूनचा सगळा इतिहास संगणकावर उतरतो. हा मजकूर काही जीबी भरतो, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: क्लोन मध्येच तुटले तर ते जिथे थांबले तिथून पुढे चालू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. नेट बेभरवशाचे असेल तर ‘--डेप्थ १’ हा पर्याय जोडावा, म्हणजे फक्त शेवटचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) आणि त्यातील फाइली येतात. अशा उथळ प्रतीत एखादी ओळ कोणी, कधी बदलली हे शोधता येत नाही. मात्र गरज पडल्यावर ‘गिट फेच --अनशॅलो’ने उरलेला इतिहास आणता येतो.

अद्ययावत करताना बहुतेक जण थेट ‘गिट पुल’ चालवतात. त्यात बदल आणणे आणि ते आपल्या फाइलींत मिसळणे ही दोन्ही कामे एकदम होतात. माझ्या मते ती वेगळी ठेवलेली बरी. आधी ‘गिट स्टेटस’ पाहून आपण केलेला एखादा बदल कमिट न करता पडून आहे का, याची खात्री करावी आणि असल्यास तो ‘गिट स्टॅश’ने बाजूला ठेवावा. मग ‘गिट फेच’ चालवावे. त्याने आपल्या फाइलींना धक्का लागत नाही. काय नवीन आले ते ‘गिट लॉग --वनलाइन मास्टर..ओरिजिन/मास्टर’ने (ओरिजिन म्हणजे जिथून क्लोन केले ती रेपॉझिटरी) वाचून, मास्टर ब्रँचवर (बदलांच्या मुख्य शाखेवर) असताना ‘गिट मर्ज --एफएफ-ओन्ली ओरिजिन/मास्टर’ द्यावे. त्या ब्रँचवर आपले स्वतःचे कमिट असतील आणि इतिहासाला दोन फाटे फुटले असतील, तर ही कमांड मुकाट्याने मर्ज कमिट (दोन फाटे जोडणारा कमिट) न बनवता थांबते आणि पुढे काय करायचे हे आपल्यावर सोडते. बाजूला ठेवलेला बदल शेवटी ‘गिट स्टॅश पॉप’ने परत घ्यावा. अडचण आली की ‘गिट रीसेट --हार्ड’ चालवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने कमिट न केलेले काम पुसले जाते आणि ते गिटकडूनही परत मिळत नाही.

विशिष्ट आवृत्ती हवी असल्यास, पूर्ण प्रतीत ‘गिट स्विच --डिटॅच व्ही६.६’ असे टॅगचे, म्हणजे त्या आवृत्तीवर लावलेल्या खुणेचे, नाव द्यावे. मात्र ६.६.१ सारख्या दुरुस्ती-आवृत्त्या टोरवाल्ड्स यांच्या रेपॉझिटरीत नसतात, त्या स्टेबल रेपॉझिटरीत असतात. तिच्यासाठी वेगळे क्लोन करू नये. ‘गिट रिमोट ॲड स्टेबल’ आणि पुढे तिचा पत्ता देऊन ‘गिट फेच स्टेबल’ चालवावे, म्हणजे सामाईक इतिहास दुसऱ्यांदा उतरत नाही आणि ‘गिट स्विच लिनक्स-६.६.वाय’ने त्या ब्रँचवर जाता येते.