आपल्या समाजाची आठवण व्हिडिओत आणायचीय? मग आधी शरीर शूट करा

अल्पसंख्याक समाजातलं कुणी व्हिडिओ आर्ट, म्हणजे व्हिडिओतूनच कलाकृती, करायचं ठरवलं की बहुतेक वेळा आधी इतिहासच सांगायला बसतं, व्हॉइसओव्हर, तारखा, जुने फोटो, आणि शेवटी हातात येतो घाईघाईचा माहितीपट. माझं मत स्पष्ट आहे, आधी शरीर पकडा, आठवण तिथेच मुरलेली असते.

घरातल्या एका माणसाची एकच हालचाल निवडा. केस विंचरणं, प्रार्थनेला बसताना गुडघ्यावर हात टेकणं, काहीही. कोरियन-अमेरिकन कलाकार थेरेसा हाक क्युंग चा हिने १९७५ मध्ये ८ मिनिटांचा व्हिडिओ केला, त्यात फक्त कोरियन स्वरांचे आकार करणारं तोंड आहे आणि तेही टीव्हीवरच्या मुंग्यांआड सारखं हरवत राहतं. भाषा हातातून निसटणं म्हणजे काय हे बघताना अंगावर येतं, वेगळं सांगावं लागत नाही.

शूट मोबाईलवर चालेल. ट्रायपॉड लावा, फोकस आणि एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा, खिडकीचा उजेड बाजूने घ्या म्हणजे त्वचेवरची प्रत्येक सुरकुती उठून दिसते. आणि हालचाल संपली की लगेच कॅमेरा बंद करू नका, माणूस सैलावतो तेव्हाच खरं काय ते येतं.

आवाज वेगळ्या दिवशी घ्या, गप्पा मारता मारता. चित्र आणि आवाज जुळवायच्या भानगडीत पडू नका. पॅलेस्टिनी कलाकार मोना हातूमचा १९८८ चा ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’ हा व्हिडिओ बघा, अंघोळ करणाऱ्या आईचे फोटो, त्यावर आईच्या पत्रांतलं अरबी अक्षर जाळीसारखं पसरलेलं, मागे दोघींच्या गप्पांची टेप आणि वरून हातूम तीच पत्रं इंग्रजीत वाचतेय. आई बैरूतला, मुलगी लंडनला, मध्ये युद्ध. सगळं अंतर त्या थरांमध्येच आहे.

जुनं फुटेज नसेल तर? नसू द्या. व्हिडिओ कलाकार रिया ताजिरीच्या आईला दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी-अमेरिकन म्हणून छावणीत डांबलं होतं, आईला त्यातलं फारसं आठवत नव्हतं, तर ताजिरीने वाळवंटात नळावर पाणी भरणारी बाई स्वतःच उभी केली. पण असं रचलेलं दृश्य खरं फुटेज म्हणून खपवू नका, रचलंय हे कळू द्या.

परवानगी मात्र दोनदा घ्या, शूटच्या आधी आणि एडिट झाल्यावर. हातूमच्या वडिलांनाही ते फोटो आवडले नव्हते, तेव्हा घरात बोलणं होणारच. रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, त्या माणसाला शेजारी बसून दाखवा आणि एखादा शॉट नको म्हणाले तर काढून टाका, कितीही सुंदर असला तरी.