पालिका शाळेची जुनी इमारत सगळ्यांसाठी उघडायची तर आधी काय काय बघायचं

पट घटल्यामुळे बरेच वर्ग रिकामे पडलेत आणि तिथे अभ्यासिका, विरंगुळा केंद्र, बचत गट, छोटा दवाखाना असं सगळं आणायचं चाललंय ना, मग रंगाचं कोटेशन नंतर, आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारत किती मजबूत आहे याची इंजिनिअरकडून तपासणी, ३० वर्षांवरच्या इमारतीला मुंबईत ते कायद्यानेच लागतं. इंजिनिअरला एकेक खोली दाखवून विचारा की इथे हे ठेवलं तर चालेल का, कारण वर्गासाठी चौरस मीटरला साधारण ३०० किलो वजन धरतात आणि पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला ६०० च्या वर, त्यामुळे "वर शांत असतं" म्हणून लायब्ररी दुसऱ्या मजल्यावर टाकू नका. इमारत हेरिटेज यादीत आहे का तेही आत्ताच बघून घ्या.

पाणी तुंबतं म्हणून जोतं उंच असतं, रॅम्प १:१२ धरला, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, तर दोन फुटांना २४ फूट लांबी लागते, आवारात मावतो का ते टेप लावून मोजा. मुताऱ्या लहान मुलांच्या उंचीच्या असतात, आजी-आजोबांना कमोड आणि धरायला दांडा हवाच, आणि रात्री अभ्यासाला येणाऱ्या मुलींसाठी उजेडातलं, आतून नीट कडी लागणारं टॉयलेट नसेल तर त्या येणारच नाहीत, मला तर हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

जुन्या वास्तूला नवं काम मिळाल्याचं उदाहरण म्हणजे फोर्टातला सर कावसजी जहांगीर हॉल, तो १९११ चा, १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, पण तिथे अख्खी वास्तू एकाच कामाला गेली, आपल्याकडे एकाच जिन्यावर चार प्रकारची माणसं. म्हणून तासांचा तक्ता करा, सकाळी ज्येष्ठ, दुपारी बचत गट, रात्री एमपीएससीवाले, आणि कोण कुणाला आडवं येतंय ते तिथे उभं राहून बघा. खालचे वर्ग अजून भरत असतील तर मुलांचं गेट वेगळंच ठेवा, दवाखान्याची रांग त्यांच्या व्हरांड्यात नको. शिलाई मशीनना कुलपाची खोली द्या, जिन्याखाली काहीही ठेवू देऊ नका.

निवडणुकीत इथेच मतदान केंद्र येतं, मोठ्या पावसात लोकांना आसरा द्यावा लागतो, तेव्हा तळमजल्यावरचा एक हॉल कुणाच्याच नावावर करायचा नाही आणि दवाखाना त्यात तर नाहीच. किल्ल्यांचे दोन जुडगे करा, एक वॉचमनकडे आणि दुसरा कुणाकडे ते पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून घ्या.