फ्लॅगशिप (कंपनीचा सगळ्यात भारी) फोन एसी शोरूममध्ये ठरवू नका
आयफोन का सॅमसंगची गॅलेक्सी एस सिरीज, हे एसीत उभं राहून ठरवूच नका भो. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो अन् ॲपल स्वतःच सांगतं की आयफोन 0 ते 35 डिग्रीत वापरा, त्याच्यावर गेलं अन् फोन तापला की स्क्रीन आपोआप डिम होऊ शकते, चार्जिंगपण थांबू शकतं. मित्राकडे तो फोन असेल तर दुपारी बाहेर पाच-दहा मिनिटं 4के व्हिडिओ काढून बघा, स्क्रीन नीट दिसते का ते बघा, खरा फरक तिथंच कळतो, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर. अन् आधी जुन्या फोनची बॅटरी हेल्थ (म्हणजे नवीन असतानाच्या मानाने बॅटरीची किती ताकद उरली) तपासा, 80 टक्क्यांच्या खाली असेल तर नुसती बॅटरी बदलून पण काम भागतं. गॅलेक्सी एस24 वापरत असाल तर त्याला 2024 पासून 7 वर्षं अपडेट आहेत, मग घाई कशाला?