मायक्रोस्कोपमध्ये नीट दिसत नाही? लेन्सला दोष देण्याआधी या चुका टाळा

‘४०ची लेन्स गेली’ (म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणारी) ही तक्रार शाळेच्या प्रयोगशाळेत, पॅथॉलॉजीत आणि डाळिंबाची पानं तपासणाऱ्यांकडे सारखीच ऐकू येते. बहुतेक वेळा लेन्स शाबूत असते. स्लाइड उलटी ठेवलेली असते, दोन कव्हरस्लिपा (नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचा) एकमेकींना चिकटलेल्या असतात, कंडेन्सर (स्लाइडखालचं, उजेड नमुन्यावर एकवटणारं भिंग) तळाला गेलेला असतो किंवा पुढच्या काचेवर तेल वाळलेलं असतं. सोलापुरात त्यात आणखी भर पडते ती कोरड्या हवेची, उन्हाळ्यातल्या धुळीची आणि यंत्रमागांच्या भागात उडणाऱ्या सुताच्या तंतूंची. म्हणून कुणी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

१०ला स्वच्छ, ४०ला धूसर

आधी स्लाइड उलटी आहे का ते पाहा. साधी स्लाइड १ ते १.२ मिमी जाड असते आणि फोकस लागतो तेव्हा ४०चं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडची लेन्स) काचेपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर असतं. नमुना खालच्या बाजूला गेला की फोकस लागण्याआधीच ऑब्जेक्टिव्ह काचेला टेकतं. ४ आणि १०ला जागा भरपूर असल्यामुळे तिथे ही चूक लक्षात येत नाही.

स्लाइड सरळ असेल तर कव्हरस्लिप पाहा. ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर ०.१७ हा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या मिलिमीटर जाडीची काच मध्ये आहे असं धरूनच ती लेन्स बनवलेली असते. कव्हरस्लिपच नसेल, दोन चिकटून बसल्या असतील किंवा खाली पाण्याचा जाड थर असेल, तर चित्र दुधाळ दिसतं आणि बारीक फिरकी कितीही फिरवली तरी सुधारत नाही. जास्तीचं पाणी कडेला फिल्टर पेपर लावून टिपून घ्या.

आयपीसमधून (डोळ्याकडच्या भिंगातून) पाहत पाहत मोठ्या फिरकीने स्टेज (स्लाइड ठेवायचा मंच) वर नेणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. स्लाइड तडकते आणि ४०च्या पुढच्या काचेवर कायमचा ओरखडा पडतो. सुरुवात नेहमी ४ने करा. बाजूने पाहत स्टेज वर आणा, मग आयपीसला डोळा लावून स्टेज खाली नेत फोकस शोधा. हवा तो भाग मधोमध आणा, १० लावा, मग ४०. त्यानंतर फक्त बारीक फिरकी, तीही थोडीशीच. ४०ला मोठ्या फिरकीची गरज भासली तर थांबा, कारण चूक स्लाइडमध्येच आहे. ऑब्जेक्टिव्ह बदलताना त्याला धरून ओढू नका, वरची खाचेची कडी फिरवा. ओढून ओढून आटे सैल होतात आणि मधोमध आणलेला नमुना दरवेळी बाजूला सरकतो.

उजेडाची गफलत

उजेड जास्त झाला की कंडेन्सर खाली घ्यायचा किंवा डायफ्राम (कंडेन्सरची उघड-मीट होणारी झडप) मिटायचा, ही सवय जवळजवळ सगळ्यांना लागते आणि तीच चित्र बिघडवते. उजेड कमी-जास्त करायला दिव्याचं बटण असतं. डायफ्राम ठरवतो तो तपशील आणि उठाव. ४०च्या ऑब्जेक्टिव्हचा एनए (लेन्स किती बारीक तपशील दाखवू शकते ते सांगणारा आकडा) साधारण ०.६५ असतो. हिरव्या उजेडात, कंडेन्सर नीट बसवलेला असताना, सुमारे अर्ध्या मायक्रॉनवरचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दोन ठिपके ते वेगळे दाखवू शकतं. डायफ्राम मिटला की ही ताकद घटते आणि प्रत्येक कडेभोवती काळ्या रेघा उमटतात. शिकणाऱ्याला त्या रेघा पेशीचाच भाग वाटतात.

कंडेन्सर जवळजवळ वरपर्यंत न्या. फोकस लावून आयपीस काढा आणि नळीत पाहा. उजेडाचं गोल वर्तुळ दिसेल. डायफ्राम इतका मिटा की त्या वर्तुळाचा पाऊण भाग उघडा राहील. रंगवलेल्या स्लाइडसाठी ही मांडणी उत्तम. ऑब्जेक्टिव्ह बदललं की ती पुन्हा करावी लागते, आणि आळस होतो तो नेमका इथेच.

न रंगवलेल्या नमुन्याला मात्र डायफ्राम यापेक्षा जास्त मिटावा लागतो. सांगोला-पंढरपूरकडच्या बागांमधला तेल्या घ्या. हा डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग. पानावरच्या ताज्या डागाच्या कडेचा ३ ते ५ मिमीचा तुकडा धारदार ब्लेडने कापून पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हरस्लिप घाला आणि १०ने कापलेली कड पाहा. जिवाणू असतील तर थोड्याच वेळात कडेतून पांढुरका धूर निघावा तसा ओघ पाण्यात पसरताना दिसतो. डायफ्राम सताड उघडा असेल तर हा ओघ उजेडात विरून जातो आणि ‘काही नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

उलटी चूकही होते. मे महिन्यात कव्हरस्लिपच्या कडेचं पाणी पाहता पाहता सुकतं, आत प्रवाह सुरू होतो आणि सगळे कण एकाच दिशेने वाहू लागतात. त्याला ओघ समजू नका. खरा ओघ कापलेल्या कडेतून निघतो आणि बाहेर पसरतो. शेजारी निरोगी पानाचा तुकडा तसाच लावून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. जुन्या, वाळलेल्या डागातून ओघ न येणं म्हणजे रोग नसणं नव्हे. आणि ओघ दिसला तरी जिवाणू आहेत एवढंच कळतं, कोणते ते ठरवणं प्रयोगशाळेचं काम. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे.

असे नमुने बोअरच्या पाण्यात लावू नका. ते सुकताना क्षारांचे टोकदार स्फटिक उमटतात आणि नवशिक्याची हमखास फसगत होते. डिस्टिल्ड वॉटर घ्या. कांद्याच्या सालीसारखा नमुना जास्त वेळ पाहायचा असेल तर पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळा किंवा कव्हरस्लिपच्या कडांना व्हॅसलीन लावा.

आरशाच्या मायक्रोस्कोपला कंडेन्सर असेल तर सपाट बाजू वापरा, नसेल तर अंतर्गोल. आरशात थेट सूर्य कधीही धरू नका. डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होते.

तो ठिपका नेमका कुठे आहे?

पुसायला घेण्याआधी घाण शोधा. आयपीस बोटांनी फिरवा. ठिपका सोबत फिरला तर घाण आयपीसवर. स्लाइड सरकवल्यावर सरकला तर स्लाइडवर. कंडेन्सर वर-खाली करताना स्पष्ट-अस्पष्ट झाला तर कंडेन्सरवर किंवा दिव्याच्या काचेवर. ऑब्जेक्टिव्हवरची घाण सहसा ठिपका म्हणून दिसतच नाही. एका ऑब्जेक्टिव्हला सगळं चित्र धुरकट दिसतं आणि दुसऱ्याला स्वच्छ. अशा वेळी आयपीस काढून उलटा धरा आणि भिंगासारखा वापरून ऑब्जेक्टिव्हची पुढची काच तपासा. तेलाचा पापुद्रा किंवा बोटाचा ठसा लगेच दिसतो.

लांब, पिळदार, चपट्या फितीसारखी ‘अळी’ दिसली तर तो बहुधा कापसाचा तंतू. पॉलिएस्टरचा तंतू काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत दिसतो. दोन्ही एकदा मुद्दाम चादरीच्या आणि कपड्याच्या सुतातून काढून पाहून ठेवा, म्हणजे स्लाइडवर आगंतुक आले तर ओळखता येतील.

पुसण्याची घाई

शर्टाचं टोक, रुमाल, टॉवेल, टिश्यू पेपर, यांतलं काहीही लेन्सला लावू नये. धुळीत गारगोटीचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण. कोरडं पुसणं म्हणजे तेच कण काचेवर घासणं. आधी रबरी फुग्याने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. मग लेन्स पेपरची घडी लेन्स क्लीनरच्या एका थेंबाने किंचित ओली करून मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवा. प्रत्येक वेळी नवा कागद घ्या. द्रव थेट लेन्सवर ओतू नका. तो कडेने आत उतरून लेन्स बसवलेला चिकट पदार्थ सैल करतो. झायलीन या द्रावकाचं हेच भय जास्त, शिवाय त्याची वाफही घातक.

१००चं ऑब्जेक्टिव्ह तेलाशिवाय (स्लाइड आणि लेन्समधली जागा भरणाऱ्या इमर्शन तेलाशिवाय) वापरलं तर चित्र मिळतं, पण निकृष्ट. एक थेंब पुरे. तेल घातल्यावर ४० परत त्या जागी फिरवू नका. ४० कोरड्या कामासाठी आहे आणि धूसर ४०मागे बऱ्याचदा हेच तेल असतं. काम झालं की त्याच दिवशी टिपून घ्या. सीडरवुड तेल वाळून कडक होतं, म्हणून न वाळणारं कृत्रिम इमर्शन तेल बरं.

ठेवताना

दोन्ही हातांनी उचला, एक हात मानेला आणि दुसरा पायाखाली. काम संपलं की ४चं ऑब्जेक्टिव्ह खाली आणा, स्टेज उतरवा आणि धुळीपासून झाका. आयपीसची जागा कधीही उघडी सोडू नका, धूळ थेट नळीत जाते. उन्हाळ्यात खिडकीशेजारी ठेवू नका.

बुरशीचा धोका इथे कोकणाएवढा नाही, पण ऑगस्ट-सप्टेंबरात बंद लाकडी पेटीत ती लागतेच. सिलिका जेलची पुडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की सुमारे १२० अंशांवर तास-दोन तास तापवून पुन्हा वापरा. लेन्सच्या आत जाळं दिसू लागलं तर स्वतः खोलू नका.

हॅलोजन दिवा असेल तर बंद करण्याआधी उजेड कमीत कमी करा आणि दिवा गार झाल्यावरच झाकण घाला. नवा बल्ब उघड्या बोटांनी धरू नका, घामाच्या डागाशी काच तापून बल्ब लवकर जातो. वीज वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. स्टेज आपोआप खाली घसरत असेल तर बिघाड समजू नका. मोठ्या फिरकीच्या बुडाशी ताण वाढवणारी कडी असते, ती थोडी आवळा. दोन्ही बाजूंच्या फिरक्या एकमेकींच्या विरुद्ध पिळू नका, आतले दाते तुटतात आणि त्याची दुरुस्ती मेकॅनिकलाच करावी लागते.