१९६९ची कॅमॅरो: पुढचा भाग काढून रंगवताना या चुका टाळा

१९६९ची शेव्हरले कॅमॅरो पुढून उघडायला सोपी. बॉनेट, दोन्ही फेंडर, ग्रिलच्या वरची पट्टी, रेडिएटरची चौकट, सगळं बोल्टवर. चांगले पाने हाताशी असले तर शनिवार-रविवारात पुढचा भाग मोकळा होतो. आणि सोपं वाटलं की घाई होते. रंग बिघडला की आपण स्प्रे गनला दोष देतो, पण मी पाहिलंय की बहुतेक वेळा चूक गन हातात घेण्याआधीच होऊन गेलेली असते.

सगळ्यात महागात पडते ती शिमची चूक. फेंडरच्या बोल्टाखाली खाच असलेल्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्या शिम. नॉरवुडच्या किंवा व्हॅन नाइसच्या कारखान्यात गाडी जोडताना ज्या बाजूला जेवढी गरज तेवढ्या शिम घातल्या जायच्या. त्यामुळे दोन गाड्यांचा हिशोब कधीच सारखा नसतो. डावीकडे वर दोन, खाली एक, उजवीकडे एकही नाही, असं काहीही निघतं. बोल्ट ढिला झाला की त्या टपकन जमिनीवर पडतात, आणि मग दार आणि फेंडरमधली फट जुळवण्यात आठवडे जातात. बोल्ट सोडण्याआधी फोटो घ्या, फटी मोजून लिहून ठेवा, आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या शिमसकट वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर जागा लिहा.

बॉनेट एकट्याने काढू नका. बिजागरीभोवती पेन्सिलने रेघ मारा, मागच्या दोन्ही कोपऱ्यांना जाड फडकं बांधा. बिजागरीची स्प्रिंग पकडीने ओढून काढायला जाल तर हात फुटेल. बॉनेट अर्धं खाली आणा, ताणलेल्या वेढ्यांमध्ये वॉशर सरकवा आणि बॉनेट पुन्हा वर करा. स्प्रिंग ढिली होऊन हातात येते.

रंगवण्याआधी सगळे भाग एकदा कोरडेच बसवून पाहा, विशेषतः फेंडर नवे, बाजारातले असतील तर. खालच्या फ्रेमचे रबरी बुश, म्हणजे फ्रेम आणि बॉडीमधल्या गाद्या, बदलायचे असतील तर तेही याच वेळी. ते नंतर बदलले की सगळ्या फटी सरकतात आणि नव्या रंगाच्या कडा एकमेकींवर घासून उडतात.

आता गंज. तो दोन जागी हमखास सापडतो: चाकामागे फेंडरच्या खालच्या टोकाला, जिथे पाला आणि माती साचते, आणि बॅटरीच्या ट्रेखाली. तिथे गंजावरचं अ‍ॅसिड लावून त्यावरच इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा, पत्रा धरणारा थर) मारणं ही मी स्वतः केलेली चूक. चौथ्या महिन्यात डाव्या फेंडरवरून तळहाताएवढा पोपडा निघाला. पोपड्याच्या पाठीला प्रायमर तसाच चिकटलेला, आणि खाली पत्रा लख्ख, गंजाचा ठिपकाही नाही. असं दिसलं की समजा, प्रायमरने पत्रा धरलाच नाही. अ‍ॅसिडचा थर मध्ये राहिला होता. डब्यावर सांगितल्याप्रमाणे अ‍ॅसिड धुऊन काढा, पत्रा पूर्ण वाळवा, ८० नंबरच्या पेपरने घासा, मगच इपॉक्सी. पुट्टी त्याच्यावर.

रंगाचा कोड फायरवॉलवरच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या, धातूच्या छोट्या पट्टीवर असतो. ७१ म्हणजे ल मान्स ब्लू, मेटॅलिक. मेटॅलिक रंगात फेंडर आडवा ठेवून आणि ग्रिलवरची पट्टी उभी ठेवून मारली तर त्यातले चमकीचे कण वेगवेगळे बसतात, आणि एकाच डब्यातला रंग दोन छटांचा दिसतो. भाग गाडीवर जसे असतात तसेच टांगा. मिश्रण तेच, गन तीच, हवेचा दाब तोच. शेवटचे हात दारापर्यंत हळूहळू विरत न्या. समोर एन्ड्युरा बंपर (गाडीच्याच रंगाचा, लवचीक आवरणाचा) असेल तर त्याच्या रंगात लवचीकपणा आणणारं मिश्रण घालायला विसरू नका, नाहीतर तडे जातील.

रंग मारताना माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडले तर पत्र्यावर सिलिकॉन आहे, बहुधा जुन्या पॉलिशचं. त्यावर आणखी रंग ओतू नका. थांबा, वाळू द्या, घासा, आणि ग्रीस काढणारं द्रावण एका फडक्याने लावून ते उडून जाण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा.

हार्डनर (थर कडक करणारं द्रव्य) घालून मारायच्या क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून ते अडत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्कच लागतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो पाण्याने ओला करूनच घासा आणि मुलांना गॅरेजपासून लांब ठेवा.

सगळं जोडल्यावर हेडलाइट मंद जळतात? आधी बल्ब बदलू नका. अर्थिंगची वायर रेडिएटरच्या चौकटीला स्क्रूने बसते, आणि तिथे आता तुमचा नवा रंग आहे. स्क्रू काढा, वायरच्या कडीएवढीच जागा लख्ख पत्र्यापर्यंत खरवडा, घट्ट आवळा, आणि वरून ग्रीसचं बोट फिरवा.