पहिलटकरणीसाठी स्तनपान : पहिल्या दोन आठवड्यांतील अडचणी आणि उपाय

स्तनपान ही नैसर्गिक गोष्ट आहे, हे प्रत्येक बाळंतिणीला इतक्यांदा ऐकवले जाते, की पहिल्याच आठवड्यात अडचण आली तर तिला स्वतःतच काही उणे आहे असे वाटू लागते. बाळाला चोखण्याची ओढ जन्मजात असते हे खरे. परंतु स्तन नीट तोंडात घेणे त्याला आणि ते नीट देणे आईला शिकावेच लागते, आणि त्यात काही दिवस जातात. बोंडांना भेगा पडणे, छाती दाटून येणे, बाळ तासभर चोखूनही उपाशी राहणे या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या, तरी अनेकदा त्यांचे मूळ एकच असते : बाळाने स्तन उथळ पकडलेला असतो. म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी पकड तपासावी.

पाजायला बसताना आईने पाठीला आणि कोपराला आधार घ्यावा व बाळाला संपूर्ण कुशीवर वळवून, पोटाला पोट लागेल असे जवळ धरावे. बाळाचे डोके, खांदे आणि कुल्ले एका रेषेत हवेत, कारण मान वळवून धरली तर त्याला नीट गिळता येत नाही. त्याचे नाक बोंडासमोर येऊ द्यावे आणि बोंडाने वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करावा. बाळ जांभई देताना उघडते तसे मोठे तोंड उघडेपर्यंत थांबावे, आणि ते उघडताच बाळाला चटकन स्तनाकडे आणावे. स्वतः वाकून स्तन त्याच्या तोंडात घालू नये, कारण त्याने पकड बिघडते आणि पाठही दुखते. पकड चांगली असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि गाल भरलेले दिसतात, तसेच बोंडाभोवतीचा काळसर भाग बाळाच्या वरच्या ओठावर जास्त व खाली कमी दिसतो. गालांना खळ्या पडत असतील किंवा चोखताना टक्‌टक् आवाज येत असेल, तर बाळाच्या तोंडात केवळ बोंडच आहे असे समजावे.

पहिले काही क्षण ओढ जाणवणे सामान्य आहे. दुखणे त्यानंतरही चालूच राहिले तर मात्र सहन करत बसू नये. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा घ्यावे, मग ते पाच वेळा करावे लागले तरी चालेल. पाजून झाल्यावर बोंडाकडे एकदा पाहावे : ते पूर्वीसारखे गोल असेल तर ठीक, चपटे, तिरके किंवा पांढरट पडलेले असेल तर पकड उथळ होती. भेगा पडल्या असल्यास पाजल्यानंतर दुधाचेच दोन थेंब लावून वाळू द्यावेत व साबण लावू नये. पकड सुधारल्याशिवाय कोणतेही मलम फार काळ उपयोगी पडत नाही. सर्व काही नीट करूनही वेदना थांबत नसतील, तर बाळाची जीभ खालून घट्ट बांधलेली आहे का, किंवा बुरशीचा संसर्ग आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

दूध पुरत नाही, ही भीती याहूनही मोठी असते. पहिले दोन-तीन दिवस स्तनातून चीक येतो, तो घट्ट आणि अगदी थोडा असतो. पण पहिल्या दिवशी बाळालाही एका वेळी काही मिलीलिटरच दूध लागते. भरपूर दूध बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान उतरते. सिझेरियननंतर किंवा फार रक्तस्राव झाला असल्यास त्याला आणखी थोडा वेळ लागू शकतो. त्या काळात बाळाला 24 तासांत 8 ते 12 वेळा, आणि रात्रीही, अंगावर घ्यावे, कारण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक स्रवते आणि जितके दूध बाहेर काढले जाते तितके पुन्हा तयार होते. बाळ मान वळवून शोधू लागले, मूठ तोंडाकडे नेऊ लागले, ओठ चाटू लागले की ती भुकेची खूण मानावी. रडणे ही बरीच उशिराची खूण आहे, आणि रडणारे बाळ आधी शांत केल्याशिवाय नीट पकड घेत नाही. झोपाळू बाळाला पहिल्या दिवसांत तीन तासांपेक्षा जास्त झोपू न देता, कपडे काढून उघड्या छातीवर घेऊन जागे करावे.

पुरते की नाही याचा निर्णय स्तन मऊ लागतात यावरून, पंपाने किती निघाले यावरून किंवा बाळ संध्याकाळी तासन्‌तास अंगाला चिकटून राहते यावरून करू नये. बाळ जेवढे ओढते तेवढे पंपाने बहुधा निघतच नाही. विश्वासार्ह खुणा लंगोटात सापडतात. पाचव्या दिवसापासून रोज किमान सहा लंगोट चांगले ओले व्हावेत, आणि काळी चिकट शी हिरवट होत त्याच सुमारास पिवळी व्हावी. वजन सुरुवातीला कमी होते, पण ही घट जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये आणि सुमारे दोन आठवड्यांत मूळ वजन भरून निघावे. घरी प्रत्येक वेळी पाजण्याआधी व नंतर वजन करण्याने काळजीच वाढते. दवाखान्यातील ठरलेल्या तपासण्या सहसा पुरेशा असतात.

दूध उतरताना छाती इतकी टणक होऊ शकते की बाळाला ती तोंडातच घेता येत नाही. अशा वेळी बोटांची टोके बोंडाभोवती ठेवून आत बरगड्यांच्या दिशेने मिनिटभर हळूहळू दाबावे. सूज मागे सरते आणि तो भाग मऊ होतो. हाताने थोडे दूध काढून लगेच पाजावे आणि नंतर थंड पट्टी ठेवावी. पंपाने स्तन पूर्ण रिकामा करण्याचा मोह आवरावा, कारण शरीर त्याला वाढती मागणी समजून आणखी दूध तयार करते. एखाद्या भागात लाल, दुखरी गाठ आली आणि ताप व अंगदुखी सुरू झाली तरी पाजणे थांबवू नये, ते दूध बाळाला अपायकारक नसते. गाठ जोराने चोळू मात्र नये, आणि 24 तासांत उतार न पडल्यास किंवा त्रास वाढत गेल्यास डॉक्टरांना दाखवावे.

काही मातांना स्तनाची पूर्वीची शस्त्रक्रिया, थायरॉइडचा विकार किंवा वारेचा तुकडा गर्भाशयात राहणे अशा कारणांनी खरोखरच दूध कमी येते. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध देण्यात कमीपणा मानू नये. बाळाचे पोट भरणे सर्वांत आधी. मात्र वरचे दूध देताना दर वेळी स्वतःचे दूधही काढत राहावे, नाहीतर मागणी घटून ते आणखी आटते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाणी देऊ नये, आणि मध तर वर्षापर्यंत अजिबात देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

बाळ पाजण्यासाठी जागेच होत नसेल, लघवी फार कमी होत असेल, कावीळ वाढत असेल, किंवा ताप 38 अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक असेल, तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे. आईच्या बाबतीतही घरच्यांनी लक्ष ठेवावे. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणे साहजिक आहे. परंतु उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा बाळ झोपलेले असतानाही तिला झोप येईनाशी झाली, तर दुधाइतक्याच तातडीने ते डॉक्टरांना सांगावे, आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार तिच्या मनात येत असतील, तर एक तासही वाट न पाहता तिला घेऊन जावे.