भाचीचा पासपोर्ट आणि १८९० चा कायदा

ताई गेली, भावजी त्याआधीच गेले होते. नऊ वर्षांची भाची आमच्या कळव्याच्या घरी आली. ह्यांची नोकरी मस्कतला, म्हणून तिच्या पासपोर्टला बसले. एका नोटरीकडून शंभराच्या स्टॅम्पवर ‘मावशी हीच पालक’ असं लिहून घेतलं. काउंटरवरच्या बाईंनी तो कागद वाचायचीही तसदी घेतली नाही: कोर्टाचा आदेश आणा.

दत्तक घ्यावी तर आम्हाला मुलगी आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मुलगी असताना दुसरी दत्तक घेता येत नाही. बाल न्याय कायद्याने नातेवाइकांना ती वाट खुली आहे, मावशीलाही. पण भाची म्हणाली, "बाबांचं आडनाव नको काढूस गं." विषय संपला.

मग पालकत्वाचा अर्ज, १८९० च्या ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स’ म्हणजे पालक आणि पाल्य कायद्याखाली. मूल राहतं तिथलं कोर्ट लागतं, म्हणून ठाणे. तिचे साताऱ्याचे आजी-आजोबा संमतीपत्र द्यायला तयार होते; सर्वांत मोठी मदत तीच. न्यायाधीश साहेबांनी भाचीलाही विचारलं, कुठे राहायचंय.

आमच्या वकीलबाईंनी वेळेवर दाखवलेली गोष्ट: या कायद्याच्या कलम २६ नुसार नेमलेल्या पालकालाही कोर्टाच्या हद्दीबाहेर मूल न्यायला परवानगी लागते. मस्कत तर फारच दूर! ती मागणी त्याच अर्जात घातली, नाहीतर पुन्हा तारखा.

आदेशाच्या तीन प्रमाणित प्रती काढल्या. पासपोर्ट आलाय. भाचीने आडनाव तीनदा वाचून पाहिलं.